खबर आणि हुकूम

विखुरलेल्या यंत्रांची खबर एका जागी गोळा करणे आणि तेथूनच त्यांना हुकूम सोडणे ही दोन्ही कामे आज एकाच संगणकप्रणालीकडे सोपवली जात असली, तरी त्यांचे कूळ वेगळे आहे, आणि ते वेगळेपण कृष्णाखोऱ्यात संगणकाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा ठळकपणे दिसते.

खबरीचे कूळ मोजपट्टीपर्यंत जाते. सांगलीत १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी आजही फुटांत सांगतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. प्रणालीने कोणत्या आकड्याला घंटा वाजवायची, या मर्यादेला संगणकवाले ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात; सांगलीकरांना ती कल्पना कोणी शिकवावी लागली नाही. मात्र कोयनेचे पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीला येत असल्याने पुलावरचा आकडा ही शिळी बातमी ठरते. म्हणून जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२००६–२०१४) कृष्णा-भीमा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापक व पातळीमापक बसवून त्यांच्या नोंदी परस्पर केंद्रीय संगणकाकडे धाडण्याची, म्हणजेच टेलिमेट्रीची, सोय झाली आणि त्यांवरून पुराचा अंदाज बांधणारे गणिती प्रारूप उभे राहिले.

संगणकजाळ्यांतही खबरच आधी रुळली. १९८८ च्या ‘एसएनएमपी’ या संकेतभाषेत उपकरणाला विचारण्याच्या व बजावण्याच्या अशा दोन्ही आज्ञा होत्या, पण परवलीचा शब्द उघडाच प्रवास करीत असल्याने व्यवस्थापक विचारत पुष्कळ आणि बजावीत क्वचित. १९९९ साली आलेले, पुढे ‘नागिओस’ नावाने गाजलेले साधनही मुख्यतः राखणदारच होते. हुकमाची बाजू जोमदार झाली ती गूगलने २०१४ साली खुल्या केलेल्या ‘कुबरनेटीस’ या प्रणालीमध्ये. नाव ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. ‘सायबर’ची व्युत्पत्तीही त्याच धातूपाशी पोचते. येथे चालकाने अपेक्षित स्थिती लिहून ठेवायची आणि प्रणालीने प्रत्यक्षाशी ती सतत ताडून पाहत तफावत स्वतःच दुरुस्त करायची.

पण १०५.२५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी साठवणाऱ्या कोयना धरणावर संगणकाचा अंदाज हा सल्लाच असतो. विसर्गाचा निर्णय अभियंते घेतात. बंद पडलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करता येतो, सोडलेले पाणी माघारी बोलावता येत नाही, हे कारण उघड आहे. दुसरे कारण राज्यव्यवस्थेचे आहे: खालच्या अंगाचे अलमट्टी धरण कर्नाटकात असल्याने तेथील दरवाजांसाठी महाराष्ट्राला हुकूम नव्हे, विनंतीच पाठवावी लागते.