पोफळीच्या डोंगरातला इतिहास: वारसाफेरी इथंही यायला हवी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा सुवर्णदुर्ग आहे. छाती फुगली, स्टेटस लागले, सगळं झालं. तेव्हापासून वारशाची व्याख्यानं आणि वास्तूभेटी यांना आपल्याकडे बरे दिवस आलेत. गोवळकोटचा गोविंदगड होतो, परशुराम होतं, जुने वाडे होतात. पण कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी डोंगर पोखरून जी एवढी मोठी वास्तू उभी केली, तिच्यावर कोणी बोलताना दिसत नाही. मी पोफळीच्या वीजघराबद्दल बोलतोय.

हे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अहो, ते सरकारी पॉवर हाऊस, त्यात कसला आलाय इतिहास?

मुंबईत मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हलच्या कडेला राहणाऱ्यांनाही लोक असंच म्हणत असतील. त्या इमारती प्रामुख्यानं १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, लोक आजही त्यात राहतात. तिथल्या रहिवासी संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये त्या इमारती जागतिक वारशात गेल्या. नॉर्वेत तर रुकान गावचं जुनं जलविद्युत केंद्र आज कामगारांचं संग्रहालय आहे, आणि तो सगळा औद्योगिक परिसर २०१५ पासून जागतिक वारसा आहे. पाणी, डोंगर, वीज आणि त्यासाठी वसलेली कामगारवस्ती. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

आता आपलं बघा. कोयना सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला निघालेली नदी. कराडला कृष्णेला मिळायची आणि बंगालच्या उपसागरात जायची. तिला अडवून शिवसागर जलाशय केला, साधारण १०५ टीएमसीचा, आणि त्यातलं काही पाणी बोगद्यानं पश्चिमेला वळवलं. पहिल्या दोन टप्प्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीत कोसळतं आणि जमिनीखालच्या वीजघरातली चाकं फिरवतं. १९६२ मध्ये पहिलं यंत्र सुरू झालं. महाराष्ट्र राज्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आठ यंत्रं, ६०० मेगावॅट. पुढे अलोऱ्याचा तिसरा टप्पा आला, मग १९९९ आणि २०१२ ची लेक टॅपिंगं. लेक टॅपिंग टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. पोफळीचा पहिला बोगदा खणला तेव्हा कॅमेरे नव्हते, म्हणून तो आठवणीतूनही गेला.

हा विषय मला नुसता हौसेचा वाटत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर आठवा. त्यानंतर कित्येक आठवडे चिपळूणच्या नाक्यानाक्यावर एकच वाद चालू होता, कोळकेवाडीच्या पाण्याचा. मी बातम्यांसाठी फिरत होतो. तावातावानं भांडणाऱ्या दहांपैकी आठांना पाण्याची वाटच माहीत नव्हती. धरणातून बोगदा, बोगद्यातून पोफळी, पोफळीतून कोळकेवाडी, तिथून अलोरे, आणि मग वाशिष्ठी. कृष्णा लवादानं पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, हेही फार कमी लोकांना ठाऊक. ज्या नदीकाठी आपण राहतो तिच्यात दुसऱ्या नदीचं पाणी येतं, हे निदान शाळेतल्या पोराला तरी कळायला नको? अशा वेळी एक नीट व्याख्यान आणि एक नकाशा शंभर वादांपेक्षा जास्त काम करतो.

आणि हे सांगताना गोड गोड सांगून चालणार नाही. शिवसागराखाली गावं गेली. ती माणसं रत्नागिरी, रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी विखुरली, आणि कोयना प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं साठ वर्षांनंतरही संपलेली नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही यातच येतो. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाला तडे गेले, पुढे ते मजबूत करावं लागलं. आमच्या भागात जुनी माणसं अजून ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी वर्षं मोजतात. वीजघराची फेरी काढायची तर यातलं काहीही वगळता येणार नाही.

वीजघर चालू आहे, तिथं सुरक्षा आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि तसंच असायला हवं. पण आत गेल्याशिवाय काही होत नाही असं नाही. कॉलनी बाहेरच आहे. बंद पडलेल्या क्वार्टर्स, रान माजलेले रस्ते. त्यांची मोजमापं नि फोटो घ्यायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, १८६४ पासूनचं. पुरात त्यांची हजारो पुस्तकं गेली, तरी संस्था पुन्हा उभी राहिली. जुनं जपायची चिकाटी त्यांच्याकडे आहे. त्यांनी, किंवा तालुक्यातल्या कुठल्याही मंडळानं, यंदाच्या व्याख्यानांतलं एक कोयनेला द्यावं. मंचावर प्राध्यापक हवेतच, पण शेजारच्या खुर्चीत बोगद्यात काम केलेला एक माणूस हवा आणि एक प्रकल्पग्रस्त. १९५८ ला जो वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीकडे झुकलाय. गडाचे दगड आणखी दहा वर्षं थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत.

तोवर एक काम आपणच करू. ज्यांच्या घरी वडिलांचा, आजोबांचा प्रकल्पावरचा गेटपास असेल, पगाराची पावती, कॉलनीतल्या गणपतीचा फोटो, नाहीतर जमीन गेल्याची नोटीस, त्यांनी ती टाकू नका. मोबाईलवर नीट फोटो काढा, मागे वर्ष आणि नाव लिहून ठेवा, आणि मला कळवा. येत्या रविवारपासून पोफळी, शिरगाव, अलोरे अशी फेरी सुरू करतोय. रेकॉर्डर माझ्याकडे आहे. बोलायला तयार असलेले आजोबा-आज्या तुम्ही सांगा.