खोल समुद्रात जीव नाहीत, असं का वाटलं?

हिमायतनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी या भागात पडलेल्या पावसाचं पाणी पैनगंगेतून वर्धेत, पुढे प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. नकाशावर बोट फिरवत किनाऱ्यापर्यंत आलो, की पुढचा प्रश्न येतोच: त्याच्या पलीकडे काय? तिथे तळ उतरत उतरत दोन-तीन हजार मीटर खोल जातो. एवढ्या खोल कोणी राहत असेल का? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बऱ्याच शास्त्रज्ञांचं उत्तर होतं, 'नाही'.

हे उत्तर आलं कुठून? एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८४१ मध्ये एजियन समुद्राचा तळ जाळ्याने खरवडून पाहिला. जसजसं खोल जावं तसतसे प्राण्यांचे प्रकार कमी होत गेले. या उतरत्या रेषेला पुढे वाढवून त्याने अंदाज केला, की सुमारे ३०० वावांखाली, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या खाली, जीव नसावेत. अंदाज पटण्यासारखा होता. खाली काळोख, थंडी आणि दर दहा मीटरला एका वातावरणाइतका वाढत जाणारा दाब! पण एजियनचा खोल भाग मुळातच जीवांच्या दृष्टीने गरीब आहे. एका समुद्रावरून सगळ्या समुद्रांचा निष्कर्ष काढला गेला.

उलटा पुरावा आधीपासून होता. १८१८ मध्ये जॉन रॉस यांच्या जहाजाने बॅफिन उपसागरात खोली मोजायला सोडलेल्या दोरीला अडकून एक तारामाशासारखा प्राणी वर आला होता. त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. १८६० मध्ये मात्र सार्डिनिया ते अल्जीरिया अशी टाकलेली तार दुरुस्तीसाठी दोन हजार मीटरहून खोलातून वर काढली, तेव्हा तिच्यावर प्रवाळ आणि शिंपले चिकटून वाढलेले दिसले. जाळ्यात वरच्या पाण्यातला प्राणी अडकला असेल, अशी शंका इथे घेता येत नव्हती. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाच्या मोहिमेने चार हजारांहून अधिक नव्या जाती नोंदवल्या आणि वाद मिटला.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाने केलं. त्याचं मुख्य काम किनाऱ्यांची मोजणी. जमेल तेव्हा खोल तळावर जाळं टाकलं जाई. जहाजावरचे डॉक्टर आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८८८ ते १८९२ या काळात बंगालच्या उपसागरातले आणि अरबी समुद्रातले खोल पाण्यातले मासे, खेकडे, प्रवाळ अभ्यासले.

एवढ्या दाबाखाली हे प्राणी चिरडत कसे नाहीत? वर्गात एक रिकामी आणि एक पाण्याने काठोकाठ भरलेली प्लॅस्टिकची बाटली, दोन्ही झाकणं घट्ट लावून, दाबून पाहावी. रिकामी चेपते, भरलेली सहजी चेपत नाही. या प्राण्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात हवेच्या पोकळ्या नसतात. त्यांचं अन्न बरंचसं वरून झिरपत येणारे मृत जीवांचे कण असतात.

तरी एक गैरसमज उरला होता: जीव आहेत, पण मोजकेच. १९६० च्या दशकात हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी बारीक जाळीची साधनं वापरली, तेव्हा गाळातल्या इवल्या कृमी-कवचधाऱ्यांची प्रचंड विविधता दिसली. बांधावरची ओली माती आधी धान्याच्या आणि मग पिठाच्या चाळणीने पाण्यात चाळून पाहिली, तर हा फरक मुलांना स्वतः पाहता येईल.

हा इतिहास आज कामाचा आहे. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेला गोळा वर आणला. मध्य हिंदी महासागरातल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा गोळ्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतात, आणि काही प्राणी त्यांच्यावरच राहतात. १९९७ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी तिथला गाळ मुद्दाम ढवळून जीवांवर काय परिणाम होतो, ते तपासलं.

गोळे काढायचे की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. पण 'तिथे आहेच काय?' असं कोणी म्हणालं, तर आपण आधी विचारावं: किती ठिकाणी पाहिलं, आणि कोणत्या चाळणीने?