चूल आणि तालीम

मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या समाजात आजही एक वाक्य ऐकू येते, "शेवटी चूलच सांभाळायची आहे ना!" जणू चूल आणि पुस्तक एकमेकांचे वैरीच. आपल्या तालिमीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही उर्दू कादंबरी १८६९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या मुलींच्या हाती देण्याजोगे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी ती लिहिली. सरकारने तिला १००० रुपयांचे इनाम दिले. कथा दिल्लीतल्या दोन बहिणींची. थोरली अकबरी लाडात वाढलेली, ना घर सांभाळता येत, ना माणसे. धाकटी असगरी शिकलेली. सासरची मोलकरीण मामा अजमत वर्षानुवर्षे घर लुटत होती. दुकानदारांचे हिशेब समोरासमोर मांडले गेले, तेव्हा ती चोरी उघडी पडली. पुढे असगरी घरातच मुलींचा मकतब चालवते. तिथे वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम आणि स्वयंपाकही शिकवला जातो. १८७२ च्या 'बनातुन्नाश'मध्ये याच मकतबाची कथा पुढे येते.

त्या काळच्या स्वयंपाकघरात गणित किती होते, हे आज सहज लक्षात येत नाही. १६ छटाकांचा एक शेर आणि १६ आण्यांचा एक रुपया. म्हणजे तूप रुपयाला शेर असेल, तर एका छटाकाला एक आणा. दर दीड रुपया झाला, तर छटाकाला दीड आणा. अम्मीजवळ बसून डाळ-तांदूळ मोजणारी मुलगी पाव, निम, पाऊण, सव्वा हे सारे हाताने शिकत होती. आपल्याकडच्या मराठी शाळांतून मुले पावकी-निमकी घोकत, तेच हे गणित. १९५७ साली नवे पैसे आले, पुढे किलो-ग्रॅम आले आणि हा हिशेब मागे पडला. पण पाव किलो रवा म्हणजे २५० ग्रॅम, हे आजही मूल नानखटाईच्या पिठाशी बसून जितके पक्के शिकते, तितके फळ्यावरून शिकत नाही. लहान मुलांच्या भातुकलीला उर्दूत 'हंडकुल्हिया' म्हणतात. दोन्ही भाषांनी या खेळाला खास नाव द्यावे, यातच त्याचे महत्त्व आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आले. त्यात दीनच्या मसाइलबरोबर खाद्यपदार्थांच्या कृती, साबण करण्याची रीत आणि टपालाचे नियमही आहेत. बाईला वाचता यायलाच हवे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. चूल सांभाळणारीने निरक्षर राहावे, असे मौलानांनीही म्हटले नाही.

तरीही या दोन्ही लेखकांची एक मर्यादा होती. त्यांच्या लेखी स्वयंपाकघर मुलींचेच होते. ही भिंत ओलांडणारा विचार आजच्या महाराष्ट्रातल्या वर्ध्यात पुढे आला. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. जाकिर हुसैन. ७ ते १४ वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा त्या योजनेचा गाभा होता. त्या काळच्या राजकारणात मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला. परंतु सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत मुलगे आणि मुली दोघेही सफाईपासून स्वयंपाकापर्यंतची कामे करीत आणि त्यातूनच हिशेब, आरोग्य, आहार हे विषय शिकत.

हा वारसा आपलाही आहे. मात्र त्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. स्वयंपाक तालीम देतो, तेव्हा तो मुलीला शाळेतून काढण्याचे कारण होऊ शकत नाही. असगरी चूल सांभाळू शकली, ती वाचता आणि हिशेब मांडता येत होता म्हणून. आणि तालीम खरोखरच चुलीजवळ मिळत असेल, तर आपल्या मुलग्यांना तिच्यापासून दूर का ठेवावे? सांदणाचे पीठ रात्रीतून कसे फुगते, चार माणसांच्या तांदळात सहावा पाहुणा आला तर किती वाढवायचे, हे त्यांनीही शिकावे. रमजानमध्ये सामोसे भरायला बहीण बसते तेव्हा भाऊही शेजारी बसावा, आणि ईद झाल्यावर दोघांनीही दप्तर घेऊन शाळेत जावे.