वकिलाच्या ओसरीवरची उमेदवारी

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माळ्यावर नाहीतर देवघराशेजारच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक असते. तिच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले कागद असतात. पणजोबांच्या नावचा उर्दू बैनामा, मोडीतले वाटणीपत्र, १९५४-५५ची खासरा पाहणी, कुठल्याशा फैसल्याची इंग्रजी नक्कल आणि वरच्या थरात अलीकडची कन्नड पहाणी. शेत एकच, पण त्याचा इतिहास इतक्या लिप्यांमध्ये विखुरलेला. भालकी तालुक्यातल्या आमच्या खटकचिंचोळीत आणि आसपासच्या गावांत अशा ट्रंका घरोघर आहेत. बांधावरून वाद उभा राहिला की ती ट्रंक उघडते आणि कागद वकिलाकडे जातात. तिथे ते सगळ्यांत आधी ज्याच्या हाती पडतात, तो वकील नव्हे, वकिलाचा ज्युनिअर. या ज्युनिअरची, म्हणजे वकिलीतल्या उमेदवारीची, आपल्या भागातली हकिगत एकत्र मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मुंबईत ही उमेदवारी करारावर चाले. तिथल्या सॉलिसिटरांच्या पेढ्यांत तरुण मंडळी ‘आर्टिकल क्लार्क’ म्हणून राहत, ठरलेली वर्षे भरत आणि मग परीक्षेला बसत. आपल्याकडे पेढी नव्हती, करार नव्हता. वकिलाची ओसरी होती. बैठकीवर वकीलसाहेब, बाजूला मुन्शी, खाली सतरंजीवर पक्षकार आणि कोपऱ्यात उमेदवार. त्याने नकला करायच्या, मिसलीतले कागद तारखेवार लावायचे आणि वकीलसाहेब पक्षकाराला काय विचारतात, काय विचारत नाहीत, हे कान देऊन ऐकायचे.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १८८०च्या दशकात तिथल्या न्यायालयांची भाषा फारसीची उर्दू झाली. वकिलांचे अव्वल, दुय्यम आणि सोयम असे दर्जे असत. कोणत्या दर्जाची सनद, यावर कोणत्या न्यायालयात उभे राहायचे ते ठरे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि कायद्याचे शिक्षणही पुढे उर्दूतून मिळू लागले. १९२१ साली संस्थानाने न्यायखाते महसुलापासून वेगळे काढले. ब्रिटिश मुलखातही तोवर ही मागणी पुरी झालेली नव्हती. म्हणजे घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत उर्दू, अशी तिहेरी तालीम आपल्याकडच्या उमेदवाराला झालीच पाहिजे होती. अर्जदावा, मुद्दई, मुद्दायला, पेशी, नक्कल, फैसला हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी बसले ते याच काळात.

त्या उमेदवाराचा पहिला धडा कालगणनेचा असे. जुन्या कागदांवर फसली साल असते. संस्थानाचे फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्याला ५९१. जागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा म्हणतात, तो ऑगस्ट १९४९चा. हा हिशेब वर्षभराने चुकला तर रहन सोडवण्याची मुदत चुकते आणि मुदत चुकली की जमीन जाते. तेव्हा ही नुसती बेरीज-वजाबाकी नव्हती.

अशा ओसरीवर तयार झालेल्यांनी आपल्या समाजाला बरेच काही दिले. केशवराव कोरटकरांचे (१८६७-१९३२) नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. परभणीकडच्या पुरजळचा हा मुलगा गुलबर्ग्यात शिकला, तिथेच वकिलीत उभा राहिला, पुढे हैदराबादला गेला आणि उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. हैदराबादच्या विवेकवर्धिनी शाळेमागेही त्यांची मेहनत होती. त्यांचे चिरंजीव विनायकराव बॅरिस्टर झाले. १९४८ साली रझाकारांचा कहर वाढला तेव्हा संस्थानातल्या वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. त्यात विनायकराव आघाडीवर होते. भालकीचे भाई श्यामलाल उदगीरला वकिली करत होते. आर्य समाजाच्या कामासाठी ते तुरुंगात गेले आणि १९३८ साली बिदरच्या तुरुंगातच त्यांचे निधन झाले. हैदराबाद विधानसभेचे सभापती झालेले काशीनाथराव वैद्य हेही वकीलच. शाळा, ग्रंथालय, सभा, सत्याग्रह, काहीही असो, आपल्या भागात त्याचा पहिला कागद लिहिला जाई तो बहुधा एखाद्या वकिलाच्या ओसरीवर.

पण सांगायचे तर सगळेच सांगावे. १९२१च्या नोव्हेंबरात हैदराबादला विवेकवर्धिनीच्या आवारात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील आपल्या मातृभाषेत, तेलुगूत, बोलायला उभे राहिले आणि सभेतल्या आपल्याच मंडळींनी हुल्लड करून त्यांना बोलू दिले नाही. त्या अपमानातून तेलुगू भाषकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. ज्याचा धंदाच दुसऱ्याची बाजू मांडण्याचा, त्या माणसाला त्याच्या भाषेत बोलू दिले गेले नाही. आज आपण सीमाभागात आपल्या भाषेसाठी बोलतो तेव्हा ही आठवण मनात ठेवलेली बरी.

१ नोव्हेंबर १९५६ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे बिदरसह म्हैसूर राज्यात. एकाच ओसरीवर शिकलेले दोन उमेदवार दोन राज्यांत वकिली करू लागले. भाऊबंदांची जमीन सरहद्दीच्या दोन्ही अंगांना आली. उर्दूत तरबेज झालेल्या वकिलांना पन्नाशीत कन्नड अक्षरे गिरवावी लागली. काहींनी ती गिरवली, काही उदगीर-लातूरकडे निघून गेले. उरलेल्यांच्या हाताखाली जे ज्युनिअर तयार झाले, त्यांच्यावर एक नवे काम पडले. त्यांना मराठी पक्षकार आणि कन्नड न्यायालय यांच्यामध्ये उभे राहायचे होते.

हे काम नाजूक आहे. आमच्याकडचा शेतकरी म्हणतो, “शेत आमच्याकडं हाय.” याचा अर्थ मालकी असू शकतो, बटई असू शकते, कर्जापोटी गहाण घेतलेला ताबाही असू शकतो. कन्नड कायद्यात ‘स्वाधीन’ म्हणजे ताबा. आपण मराठीत एखादी वस्तू कुणाच्या स्वाधीन करतो, म्हणजे ती देऊन टाकतो. शब्द एकच, पण इकडचे माप तिकडे चालत नाही. १९७४ साली कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळांनी भूमी न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचे, असे ठरले. मग ‘शेत आमच्याकडं हाय’ हे वाक्य ज्युनिअरने कागदावर कसे उतरवले, यावर एका घराची जमीन राहणार की जाणार आणि दुसऱ्या घराला मिळणार की नाही, हे अवलंबून राहिले. दोन्ही घरे बहुधा एकाच गल्लीतली. म्हणून जुने सीनिअर सांगत, पक्षकार बोलेल ते लगेच लिहू नका, आणखी दोन प्रश्न विचारा. पीक कोण नेतो? सारा कोण भरतो?

स्वातंत्र्यानंतर ही उमेदवारी नियमात बसवण्याचे प्रयत्न झाले, त्यांची गोष्ट थोडक्यात अशी. १९६१च्या वकील कायद्यात आधी प्रशिक्षण आणि परीक्षा होती, १९७३च्या दुरुस्तीने ती गेली. १९९५ साली बार कौन्सिलने एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले, १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. २०११पासून अखिल भारतीय परीक्षा आली. पदवीनंतर ती पास झाल्याशिवाय आता वकिली चालू ठेवता येत नाही. पण परीक्षा पास होणे आणि ट्रंकेतला कागद वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर आजही सीनिअरच्या खोलीतच कापले जाते.

तिथला दिवस फारसा बदललेला नाही. सकाळी फाइली काढायच्या, बोर्डावर नंबर कितवा ते पाहायचे, साहेब दुसऱ्या कोर्टात असतील तर उभे राहून वेळ मागायची, दुपारी नक्कलेसाठी अर्ज द्यायचा, संध्याकाळी कैफियतीचा मसुदा करायचा आणि लाल शाईने भरून परत आलेला मसुदा पुन्हा लिहायचा. अलीकडच्या दोन सोयी मात्र मोठ्या. २००८ साली गुलबर्ग्याला, म्हणजे कलबुर्गीला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, २०१३ साली ते कायम झाले. त्याआधी अपिलासाठी सहा-सातशे किलोमीटरवरचे बेंगळुरू गाठावे लागे. २०१७ साली बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली आणि आपल्या ज्युनिअरांना वरचे न्यायालय जवळ आले.

पैशाची बाजू मात्र आपणच समजून घ्यायला हवी. ज्युनिअरला पहिली दोन-चार वर्षे हाती फारसे काही पडत नाही. २०२४ साली बार कौन्सिलने शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या गावात अनेक सीनिअरांचीच कमाई हंगामावर चालते. शिवाय दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये दिला. म्हणजे ही तीन वर्षे टाळता येणार नाहीत. ज्या घराला तेवढा काळ मुलाचा किंवा मुलीचा खर्च झेपत नाही, ते घर पुण्या-हैदराबादच्या नोकरीकडे वळते. त्यात त्या घराचा दोष नाही. पण त्यामुळे भालकीच्या कोर्टात मराठी समजणारा आणि जुना कागद वाचणारा ज्युनिअर दुर्मिळ होत चालला आहे.

यावर आपल्याला करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली ट्रंकेची. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर तो खरा आहे असे न्यायालय धरून चालू शकते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून कागद फेकू नका, भाऊबंदांत वाटून विखरू नका, उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे आहेत तोवर ते वाचून घ्या. दुसरी गोष्ट मुलांची. वकिलीकडे वळणाऱ्या मुलामुलींना कन्नड उत्तम यायला हवे आणि घरची मराठीही तितकीच पक्की हवी. त्यांच्या पहिल्या तीन वर्षांत मंडळाने पुस्तकांचा आणि प्रवासाचा थोडा भार उचलला, तर ती वर्गणी वाया जाणार नाही.

ज्या देवतेच्या उत्सवात आपण जमलो आहोत, तीही एकदा लेखनिक झाली होती. व्यास सांगतील तसे महाभारत लिहायचे, मात्र अर्थ समजल्याशिवाय एक ओळही उतरवायची नाही, असे ठरले होते. वकिलाच्या ओसरीवरचा उमेदवार शिकत होता तेही हेच. पुढच्या वेळी घरची ट्रंक उघडाल, तेव्हा घरातल्या एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा.