नारिंगीवर निळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या किंवा खामल्यातल्या पार्लरमध्ये केस रंगवायला गेलं, की आधी हातात शेड कार्ड येतं. जाड पुठ्ठ्यावर नायलॉनच्या केसांच्या बोटभर बटा ओळीनं लावलेल्या, आणि प्रत्येकीखाली एक आकडा: ४, ५.१, ५.३, ७.१, ९.१. टिंबाच्या आधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो. १ म्हणजे काळाभोर, १० म्हणजे सगळ्यात फिका सोनेरी. टिंबानंतरचा आकडा छटेचा. बहुतेक कार्डांवर ३ म्हणजे सोनेरी, ४ म्हणजे तांबूस आणि १ म्हणजे ‘अ‍ॅश’, राखाडीकडे झुकणारा. पार्लरवाल्या ज्याला ‘कूल टोन’ म्हणतात तो हाच. ५.१ आणि ५.३ या दोन बटा खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरा. दोन्ही तपकिरीच. पण एकीत ऊब आहे, आणि दुसरीत ती ऊब मुद्दाम मारलेली आहे.

ही ऊब मारायची विद्या पॅरिसची, असं सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे.

सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिता’ लिहिली. ग्रह, पाऊस, वास्तू, रत्नं यांच्या जोडीला तिच्यात सुगंधी द्रव्यांवर एक अध्याय आहे, आणि तो सुरू होतो केस रंगवण्यापासून. डोकं पांढरं असेल तर माळ, अत्तर, वस्त्रं, दागिने काही शोभत नाही, तेव्हा आधी केसांकडे बघा, असा त्याचा रोख. कृतीही दिली आहे. आंबट द्रवात लोखंडी भांड्यात कोद्रू शिजवायचे, लोखंडाच्या चुऱ्यासकट बारीक वाटायचे आणि तो लेप डोक्याला लावून वर ओली पानं बांधायची. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप लावायचा, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर, मग डोकं धुवायचं. आंबटात लोखंड विरघळतं, आवळ्यातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडते आणि निळसर काळा रंग तयार होतो. काही जुन्या पोथ्यांच्या शाईतही हेच रसायन वापरत.

ही कृती आपल्या घरांतून कधी गेलीच नाही. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली मेंदी, त्यात चमचाभर कात, आवळ्याची पूड, सकाळी वर धरलेली काळी साय: हे ज्यांच्या घरी झालं नाही असं कुटुंब नागपुरात शोधावं लागेल. कढई लोखंडीच का, तर रंग ‘चांगला’ येतो म्हणून. चांगला म्हणजे कमी नारिंगी. मेंदीच्या पानातलं लॉसोन केसाच्या केराटिनला घट्ट धरतं आणि त्याचा मूळ रंग नारिंगी-तांबडा. निव्वळ मेंदी लावलेली डोकी आणि दाढ्या महालात, इतवारीत, मोमिनपुऱ्यात रोज दिसतात.

ज्यांना तो नारिंगी नको होता त्यांच्यासाठी दुसरी वाट होती: आधी मेंदी, मग निळीच्या पाल्याचा लेप. इराणपासून हिंदुस्थानपर्यंत हिना आणि वस्मा, म्हणजे मेंदी आणि नीळ, ही जोडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. निळीचा लेप थोडा वेळ ठेवला तर केस तपकिरी होतात, जास्त ठेवला तर काळे. नारिंगीवर निळा चढला की दोघांचा भडकपणा जातो आणि खाली शांत तपकिरी उरतो. शेड कार्डावरच्या टिंबानंतरचा १ याहून वेगळं काही करत नाही. म्हणजे थंड छटेचं मर्म आपल्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की केसातला काळा काढून कसा घ्यायचा. आणि तो काढावा असं कुणाला कशाला वाटेल? आपली सगळी खटपट पांढऱ्याचं काळं करण्याची.

काळा काढायचा हव्यास युरोपचा. चेझारे वेचेल्लिओच्या १५९० सालच्या वेशभूषेवरच्या पुस्तकात व्हेनिसची बाई गच्चीवर भर उन्हात बसलेली दाखवली आहे. डोक्यावर टोपी आहे, पण टोपीला वरचा घुमट नाही, नुसती कड. केस त्या भोकातून बाहेर काढून कडेवर पसरायचे, औषधी पाण्यानं भिजवत राहायचे आणि सोनेरी होईपर्यंत तिथंच बसायचं. चेहरा सावलीत आणि केस उन्हात.

उन्हाचं हे काम १८१८ मध्ये बाटलीत आलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यानं हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लंडनचा एक रसायनतज्ज्ञ आणि पॅरिसचा एक केशकर्तनकार यांनी त्यानं केस उजळून दाखवले. आजही पार्लरच्या डेव्हलपरच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’, ‘४० व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असतं ते त्या पेरॉक्साइडचंच माप. एक माप द्रवातून किती मापं ऑक्सिजन सुटेल, ते. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ४० म्हणजे १२ टक्के.

पण पेरॉक्साइडनं काळा केस सरळ सोनेरी होत नाही. काळ्यातला मेलॅनिन टप्प्याटप्प्यानं फुटतो: आधी लालसर तपकिरी, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळा, अगदी शेवटी फिका पिवळा. आपल्याकडचे बहुतेक केस कार्डावरच्या १ ते ३ मध्ये मोडतात, तिथून ७ वर जायचं तर वाट नारिंगीतूनच जाते. संत्रानगरीत राहून ही तक्रार करणं शोभत नाही, पण अर्धवट उतरवलेला केस संत्र्याच्याच रंगाचा होतो.

उजळल्यानंतर वर घालायचा रंग दुसऱ्या घराण्याचा. १८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरापासून क्विनीन करायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. त्याचे गुरू हॉफमन यांनी १८६३ मध्ये पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडीच्या रंगवण्याच्या गुणाची नोंद केली. हा पदार्थ मुळात रंगहीन. केसात शिरल्यावर पेरॉक्साइडशी भेट झाली की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, मोठे होतात आणि बाहेर पडू शकत नाहीत. सोबत कोणता जोडीदार रेणू दिला त्यावर छटा ठरते: एकानं तपकिरी, दुसऱ्यानं लालसर, तिसऱ्यानं निळा. ‘अ‍ॅश’ नळीत या निळ्या जोडीदाराचं प्रमाण जास्त. १९०७ मध्ये पॅरिसच्या यूजीन श्युलेर या तरुण रसायनतज्ज्ञानं असे रंग बनवून केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. १९०९ मध्ये त्यानं कंपनी काढली आणि नावातच रंग निरुपद्रवी असल्याचं सांगितलं, कारण त्याआधीच्या केशरंगांत शिसं आणि चांदीचे क्षार असत. तीच कंपनी पुढं लॉरिआल झाली.

डांबराच्या या रंगांशी विदर्भाची ओळख केसांच्या आधी कापडातून झाली. इथं कापूस पिकायचा, कोष्टी विणायचे, रंगारी लाल रंग आलच्या झाडाच्या मुळांतून काढायचे आणि निराळी निळीचं काम करायचे. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीच्या बीएएसएफनं कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. आलचा लाल तर त्याआधीच जर्मन अलिझरिननं मागं सारला होता. पाल्याची नीळ गेली, तिचे हौद गेले. ज्या उद्योगानं तिला घालवलं त्याच उद्योगाचा निळा रेणू आज पार्लरच्या ब्रशवरून नागपूरकरणींच्या केसांत येतो.

भारतात हे रसायन शिरलं ते मात्र जुन्याच कामासाठी. मुंबईच्या हायजिनिक रिसर्च इन्स्टिट्यूटचं वासमोल, गोदरेजची पावडर डाय, किराणा दुकानात टांगलेली काळ्या मेंदीची पाकिटं: सगळ्यांचं वचन एकच, काळेभोर केस. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पाकिटांत मेंदीपेक्षा पीपीडीचाच वाटा कामाचा असतो. वडीलधारी माणसं रविवारी बनियनवर अंगणात खुर्ची टाकून दात घासायच्या जुन्या ब्रशनं डाय लावत. त्यात फॅशन नव्हती, टापटीप होती. २०१२ मध्ये गोदरेजनं क्रीमही पाकिटात आणली.

काळ्याखेरीज दुसरा रंग लावायचा धीर १९९० नंतर आला. उपग्रह वाहिन्या घरात आल्या, १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी विश्वसुंदरीचे दोन्ही किताब आणले, परदेशी केशरंग कंपन्यांनी इथं दुकान मांडलं. वासमोलवाल्या कंपनीनंच पुढं स्ट्रीक्स काढलं. आणि गल्लोगल्लीच्या पार्लरमध्ये एकच रंग चालला: बरगंडी. सीताबर्डीच्या दुकानदारापासून नवरीच्या मावशीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बरगंडी. त्याचं कारण आवडीइतकंच रसायनातही होतं. काळ्या केसाचा थोडासा पापुद्रा उतरला की खाली लालच असतो. बरगंडी त्या लालाच्या बाजूनं जाते, त्यामुळं ब्लीच लागत नाही, बिघडायला काही उरत नाही. तांबूस हायलाइट्स, सोनेरी बटा याही त्याच उताराच्या वाटेवरच्या.

थंड तपकिरी आणि थंड ब्लाँड या चढाच्या वाटा. आधी केस नारिंगीपर्यंत किंवा पिवळ्यापर्यंत उतरवायचा, मग नारिंगीवर निळा आणि पिवळ्यावर जांभळा देऊन ती ऊब मारायची. पार्लरमध्ये या दुसऱ्या पायरीला ‘टोनर’ म्हणतात. जांभळ्या शाम्पूचं तत्त्व तेच. पांढरा शर्ट पिवळा पडला की आई बादलीत उजालाचे चार थेंब टाकायची, त्यातलंच हे शास्त्र. पण शर्ट तुटत नाही, केस तुटतो. म्हणून ही फॅशन आपल्याकडे उशिरा आली. २०१४ मध्ये अमेरिकेत ओलाप्लेक्स बाजारात आलं. ब्लीचनं तुटलेले केसातले बंध सांधण्याचा त्याचा दावा, आणि त्यामागोमाग तशी उत्पादनं सगळीकडे झाली. १९७० च्या दशकात पॅरिसच्या सलूनमध्ये रुळलेलं बालायाज, म्हणजे सगळं डोकं न रंगवता मोकळ्या हातानं थोड्या बटांवर ब्रश ओढणं, तेही इथं पोचलं. मुळांशी आपला काळा तसाच राहतो, त्यामुळं महिन्याभरात भांगात रेघ दिसत नाही. अ‍ॅश ब्राउन, मशरूम ब्राउन, बेज ब्लाँड ही नावं त्याच लाटेतली.

नागपुरात या छटेला तीन विरोधक भेटतात. पहिली मेंदी. अनुभवी पार्लरवाली केसाला हात लावण्याआधी विचारते, “ताई, मेंदी लावून राहिल्या असाल तं आधीच सांगून द्या. मंग केस नारिंगी झाले म्हणून माझ्यावर नका येऊ.” तिचं बरोबर आहे. लॉसोन ब्लीचला सहजी दाद देत नाही. आणि लेपात धातूचे क्षार असले तर पेरॉक्साइड त्यांच्यावर भडकतं, केस तापतो, प्रसंगी हातात तुटून येतो. म्हणून आतल्या बाजूची एक बट कापून आधी तिच्यावर करून बघायचं. दुसरं पाणी. कन्हान आणि पेंचचं नळाचं पाणी सोडून शहराच्या कडेच्या ले-आउटांत बोअरच्या जड पाण्यानं डोकं धुतलं, की क्षारांचा थर बसून फिक्या केसांवर पितळी झाक येते. आणि तिसरं ऊन. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात टोनर उतरतो आणि खालचा नारिंगी पुन्हा वर येतो. व्हेनिसच्या बाईनं ज्यासाठी गच्चीवर दिवस घालवले ते नागपूरला व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर फुकट होतं. गाडीवर निघताना डोक्याला घट्ट गुंडाळायचा स्कार्फ इथल्या मुली ऊन टाळायला वापरतात. रंगासाठीही त्याहून चांगला इलाज नाही.

तेव्हा शेड कार्ड हातात आल्यावर डोळा ९.१ वर न थांबू देणं शहाणपणाचं. आपल्या काळ्यापासून दोन-तीन पायऱ्याच वर, म्हणजे ४.१ किंवा ५.१, घेतला तर कमी व्हॉल्यूममध्ये भागतं, नारिंगी कमी उघडा पडतो आणि मारायला निळाही कमी लागतो. घरात हा रंग काळाच वाटतो, उन्हात गेल्यावर राखाडी तपकिरी कळतो. ब्लाँडची हौस असेल तर ती चेहऱ्याजवळच्या बारीक बटांपुरती, आणि महिन्या-दीड महिन्यानं टोनरचा खर्च धरून. केस बरेच पांढरे असतील तर निव्वळ अ‍ॅश लावू नये, त्यावर तो करडा-हिरवट दिसतो. नैसर्गिक छटेची नळी त्यात मिसळावी लागते. आणि पीपीडी कुणाला कधी खाजवेल याचा भरवसा नसतो, म्हणून कानामागे थेंब लावून ४८ तास थांबायचं, आधी दहा वेळा रंगवलेलं असलं तरी.

वराहमिहिराच्या कृतीला चार प्रहर लागत, म्हणजे बारा तास. पार्लरमध्ये तीन-चार तासांत काम उरकतं. वेळ वाचला तो रसायनामुळं, पण आधी एक काढायचं, मग त्यावर दुसरं चढवायचं आणि दोन्हींच्या मध्ये थांबायचं, हा क्रम काही बदललेला नाही. घाई करणाऱ्याचं डोकं तेव्हाही बिघडत असणार.