परसातला पाट

संक्रांत उलटली की खानदेशात थंडीचा जोर ओसरू लागतो. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण जळगाव-धुळ्याकडे तेव्हा ऊन रणरणत असते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास खेळतो. म्हणून इथल्या परसबागेचा वसंत माघातच धरावा लागतो. गवार, भेंडी, काकडी, गिलके, दोडके यांचे बी माघ-फाल्गुनात पडले, तर झळा सुरू होण्याआधी वेल मांडवावर चढतो. उशीर झाला की फुले गळतात आणि वेल नुसताच वाढतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे कोणी शिकवावे लागत नव्हते. त्यांच्या या शहाणपणामागे खानदेशच्या पाण्याचा मोठा इतिहास आहे.

अकबराने 1601 साली असीरगड घेतला आणि फारुकी राजवट संपली. त्याच सुमाराचा अबुल फजल 'ऐन-ए-अकबरी'त या मुलखाविषयी सांगतो, की इथले मुख्य पीक ज्वारी. काही ठिकाणी ती वर्षातून तीनदा निघते आणि तिचे ताट इतके कोवळे, की लोक ते फळासारखे खातात. आता नुसत्या पावसावर तीन पिके निघत नाहीत, हे कोणीही शेतकरी सांगेल. पाणी वळवण्याची विद्या इथे जुनी असली पाहिजे.

तिचा पुरावा धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाने आजही दिसतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जागोजाग दगडी बंधारे आहेत. नदीचे पाणी अडवून पाटाने शेतात न्यायचे, ही फड पद्धत. ती किमान तीनशे वर्षांची मानली जाते. एका बंधाऱ्याखाली भिजणारे रान म्हणजे थळ. थळाचे बहुधा तीन-चार फड करीत आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी, हवालदार दोघांवर नजर ठेवी आणि वरचा कारभार गावचे पंच पाहत. प्रत्येकाची थोडीथोडी जमीन बहुतेक फडांत असे. नदीला पाणी कमी दिसले, की एखाद्या फडाला पाणी द्यायचे नाही असे ठरे. तोटा झाला तर तो सर्वांच्या वाट्याला सारखा येई. म्हणजे पाणी किती आहे ते आधी बघायचे आणि मग पीक ठरवायचे!

मला वाटते, आमच्या घरामागचे परस हा याच फडाचा धाकटा भाऊ होता. मोरीचे पाणी एका बोटभर चारीने आधी केळीच्या बुंध्याशी जाई, तिथून अळूला आणि उरलेसुरले वांग्यांना. भांडी राखेने घासली जात, म्हणून त्या पाण्याचा झाडांना त्रास नसे. गिलक्याचा वेल धाब्यावर चढवलेला असे. मांडवाला तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. भरिताची वांगी भाजायलाही त्याच. त्या भरितात पडणारी हिरवी मिरची मात्र पाहुणी. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती अमेरिका खंडातून भारतात आली. पपई, पेरू आणि लाल भोपळाही मूळचे तिकडचेच.

शेताची नोंद सरकारदप्तरी होते, कारण त्यावर सारा असतो. परसातल्या चार वेलांची नोंद कोण ठेवणार? ते बायकांचे रान होते. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. इतर असंख्य बायकांनी जे जाणले, ते त्यांच्याबरोबरच गेले.

आणि आज? धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, तसतशी फड पद्धत पुष्कळ गावांत मोडली. काही बंधारे अजून चालतात. घरी नळ आला, परसात फरशी आली आणि मोरीचे पाणी गटारात गेले. उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो आणि भाजी धुतलेले पाणी मात्र सोडून देतो.

ज्यांच्याकडे दोन हात जागा आहे, त्यांनी या माघात एवढे करून पाहावे. जुनी झाडे उपटून जमीन खणावी आणि आठ दिवस उन्हात तापू द्यावी. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळून भाज्यांसाठी सपाट वाफे आणि वेलांसाठी खोलगट आळी करावीत. पश्चिमेच्या बाजूला शेवरीची किंवा मक्याची दाट ओळ लावावी. केळीच्या बागांना उष्ण वाऱ्यापासून जपायला आपले शेतकरी शेवरीच लावतात. आळ्यात पालापाचोळा पसरला, की ओल टिकते. साबण-सोड्याचे पाणी मात्र भाजीला नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत साठवावे.

बी आणण्यापूर्वी मात्र घरात अशा पाण्याच्या रोज किती बादल्या निघतात, ते चार दिवस मोजावे. दोन निघाल्या तर दोन बादल्यांपुरतीच बाग लावावी. पांझरेकाठचे पंच नदीकडे पाहून नेमके हेच ठरवीत असत.