देवमामलेदारांचा दाखला आणि आमदाराचे माप

सटाण्यात चांगला लोकसेवक कोण, अशी चर्चा निघाली की ती फिरून यशवंतराव महाराजांपाशी येते. 1870-71च्या दुष्काळात बागलाणचे मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी सरकारी खजिना उपाशी रयतेसाठी उघडला आणि लोकांनी त्यांना देवमामलेदार म्हटले. त्या पुण्याईवरून आज आमदाराचे माप काढले जाते. त्याने किती कोटींचा निधी आणला, किती सभामंडप बांधले, कोणाच्या लग्नाला आणि दहाव्याला आला, यावर त्याची किंमत ठरते.

ही बाजू फेकून देण्यासारखी नाही. साल्हेरच्या पायथ्याच्या पाड्यावर रुग्णवाहिका वेळेत येत नाही, जातीचा दाखला महिनोन्‌महिने अडतो. तिथे आमदाराचा एक फोन जीव वाचवतो. पण आमदारकी एवढ्यावर तोलणे मला साफ चूक वाटते. आणि त्यासाठी दिला जाणारा दाखलाच उलटा आहे.

भोसेकर अंमलदार होते. किल्ली त्यांच्या हाती होती, खजिना वाटण्याचा अधिकार मात्र नव्हता. म्हणूनच ते धाडस ठरले. आमदाराच्या हाती किल्ली नसते, अधिकार असतो. घटनेच्या 266व्या कलमाप्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीतला पैसा कायद्यावाचून काढता येत नाही, आणि तो विनियोजनाचा कायदा विधिमंडळ करते.

आकडे पाहा. आमदार निधी वर्षाला 5 कोटी. दोन्ही सभागृहांच्या 366 जागांचा मिळून 1,830 कोटी. राज्याचा 2025-26चा अर्थसंकल्प 7 लाख कोटींच्या घरातला. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस पैसे. त्या सव्वीस पैशांच्या कोनशिला आपण मोजत बसतो. बाकीचे 99 रुपये 74 पैसे कुठे जाणार हे ठरत होते तेव्हा आपला माणूस उभा राहून काय बोलला, हे कोणी विचारत नाही. मंत्रालयातून 'खेचून आणलेला' निधीही याच अर्थसंकल्पातला असतो.

दुष्काळाचाच दाखला हवा असेल तर वि. स. पागे यांचा घ्या. ते विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळात माणसाने दान मागू नये, काम मागावे आणि ते देणे सरकारला बंधनकारक असावे, हा त्यांचा ध्यास. त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना 1972च्या दुष्काळात राज्यभर पसरली, 1975मध्ये तिच्या खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि 1977मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. डोक्यावर पाटी घेऊन पाझर तलावाच्या बांधावर माती टाकणारी बाई तो कायदा लागू झाल्यापासून कोणाच्या दयेवर राहिली नाही. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, हा तिचा हक्क झाला. भोसेकरांची करुणा थोर होती, पण ती त्यांच्याबरोबर बदलून जाणारी होती. पाग्यांचे काम कोणाच्या बदलीने थांबले नाही.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 1985च्या पक्षांतरबंदीनंतर आमदार पक्षादेशाबाहेर मत देऊ शकत नाही, मग सभागृहातल्या कामाला अर्थ काय? मत बांधले गेले आहे, हे खरेच. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना यांना कोणी बांधलेले नाही. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे तपासायला आश्वासन समिती आहे. ही हत्यारे विरोधी बाकांवरच्या आमदारालाही मिळतात.

बागलाण हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. 2014मध्ये येथून दीपिका चव्हाण निवडून आल्या, 2019 आणि 2024मध्ये दिलीप बोरसे. शेवटच्या वेळी तर मताधिक्य सव्वा लाखाच्या पुढे गेले. एवढा कौल देणाऱ्या तालुक्याने कामाचा हिशेबही तेवढ्याच हक्काने मागावा.

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. त्याच सुमारास नागपुरात हिवाळी अधिवेशन असते. त्या दिवशी आमदार रथापुढे दिसले नाहीत तर रागावू नका. परत आले की त्यांना विचारा: कांद्यावर कोणता प्रश्न लावलात, हरणबारी-केळझरच्या पाण्यावर काय बोललात, आश्रमशाळांच्या मागणीवर कपात सूचना दिलीत का, आणि मंत्र्यांनी उत्तर काय दिले?